‘अंधार पडला की पेन स्टेशनवरून सबवे नकोच’: त्या संदेशाला उत्तर

न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीतल्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश पुन्हा फिरतोय. आईबाबा भारतातून आले, ॲमट्रॅकनं, म्हणजे लांब पल्ल्याच्या रेल्वेनं, वॉशिंग्टन-बोस्टनच्या सहली सुरू झाल्या, की तो हमखास येतो. मजकूर थोडक्यात असा: अंधार पडल्यावर पेन स्टेशनला, म्हणजे मॅनहॅटनच्या मोठ्या रेल्वे स्टेशनला, उतरून सबवे घेणं म्हणजे जिवाशी खेळ. त्यापेक्षा न्यू जर्सीतल्या नेवार्कलाच उतरा आणि पाथ (न्यू जर्सी-मॅनहॅटन जोडणारी निराळी रेल्वे) पकडा. नाइलाज झाला तर रिकामा डबा बघून बसा, नाहीतर सगळ्यात पुढच्या डब्यात, मोटरमनजवळ. पेन स्टेशनच्या खालच्या बोळांत थांबू नका, लगेच रस्त्यावर येऊन मिळेल ती टॅक्सी करा.

पाठवणाऱ्यांची काळजी खरी आहे, आणि म्हणूनच हे लिहितोय. हा संदेश जसाच्या तसा पाळला तर सत्तरीतला माणूस दोन बॅगा घेऊन नको त्या ठिकाणी नको तितका वेळ उभा राहतो. गाडी कुठे बदलायची, कुठल्या जिन्यानं जायचं, फलाटावर कुठे थांबायचं, हे आधी ठरवलं तर संध्याकाळचा हा बदल नीट होतो. संदेशात यातलं काहीच नाही.

आधी ‘जिवाशी खेळ’ हे बघू. २०२४ साली सबवेत सुमारे २,२०० गंभीर गुन्हे नोंदले गेले. त्या वर्षीचे प्रवास जवळजवळ १२० कोटी. म्हणजे साधारण साडेपाच लाख प्रवासांमागे एक गुन्हा, आणि त्यात मोठ्या चोऱ्याही धरलेल्या आहेत. दुसरी बाजूही सांगायला हवी. मारहाणीचे गंभीर गुन्हे २०१९ च्या मानानं वाढलेले आहेत, ती भीती कुणी मनानं रचलेली नाही. पण ती अंधाराशी जोडणं चूक आहे. ज्या प्रवाशांना रुळांवर ढकलण्याच्या घटनांनी सगळे हादरले, त्यातली जानेवारी २०२२ ची टाइम्स स्क्वेअरची घटना सकाळची होती आणि ३१ डिसेंबर २०२४ ची १८व्या स्ट्रीटच्या स्टेशनातली भर दुपारची. जमिनीखाली दिवस-रात्र सारखीच असते, फरक पडतो तो गर्दीनं. संध्याकाळी सात-आठला पेन स्टेशनचे फलाट कामावरून परतणाऱ्यांनी भरलेले असतात. मध्यरात्रीनंतर गाड्या वीस-वीस मिनिटांनी येतात आणि फलाट ओस पडतो. ‘अंधार पडल्यावर’ या एका शब्दप्रयोगात संदेशानं या दोन्ही वेळा एकत्र कोंबल्या आहेत. घटनांमधून घ्यायचा धडा निराळा आहे: गाडी येऊन थांबेपर्यंत पाठ भिंतीला किंवा खांबाला लावून उभं राहायचं, पिवळ्या पट्टीजवळ मोबाइलमध्ये बघत नाही.

नेवार्कचा सल्ला काहींच्या बाबतीत बरोबर आहे. तुम्ही जर्सी सिटीत जर्नल स्क्वेअरजवळ राहत असाल तर नेवार्कला उतरून पाथ घेणं सरळ आणि सोपं. एडिसन-आयझलिनकडे जायचं असेल तर न्यूयॉर्कपर्यंत जायचंच कशाला? वॉशिंग्टनकडून येणाऱ्या काही गाड्या मेट्रोपार्कला थांबतात. नाहीतर नेवार्कला न्यू जर्सी ट्रान्झिटची गाडी पकडून मागे यायचं. पण क्वीन्सला किंवा वरच्या मॅनहॅटनला जाणाऱ्यानं नेवार्कला का उतरावं? तिथून सुटणारी पाथ वर्ल्ड ट्रेड सेंटरला जाते. मिडटाउनला यायचं तर जर्नल स्क्वेअरला बदलायचं, ३३व्या स्ट्रीटला उतरायचं आणि मग निराळं तिकीट काढून पुन्हा सबवेच घ्यायची. जी टाळायची म्हणून हा वळसा घेतला तीच शेवटी घ्यावी लागते, आणि मध्ये दोन बदल वाढतात. रात्री प्रत्येक वाढीव बदल म्हणजे एक अनोळखी फलाट आणि आणखी एकदा वाट बघणं.

आता रिकामा डबा. संपूर्ण संदेशात मला सगळ्यात जास्त खुपतो तो हा सल्ला, कारण तो अगदी शहाणपणाचा वाटतो. भरलेल्या गाडीत एकच डबा रिकामा दिसला तर न्यूयॉर्ककर त्यात पाऊल टाकत नाही. त्या डब्यातला एसी तरी बंद असतो, नाहीतर दुर्गंधी असते, नाहीतर आत कुणीतरी अशा अवस्थेत असतं की बाकीचे उठून गेलेले असतात. तिथे जाऊन बसलेल्या माणसाला मदत लागली तर बघणारं कुणी नाही. पुढच्या डब्याचा सल्लाही असाच, मोटरमन त्याच्या बंद केबिनमध्ये असतो आणि त्याचं लक्ष समोरच्या रुळांवर. हा सल्ला बहुधा मुंबईच्या सवयीतून आला असावा. लोकलला एका टोकाला मोटरमन, दुसऱ्या टोकाला गार्ड, रात्री बायकांच्या डब्यात पोलीस. इथे बायकांचा डबा नाही, आणि गार्डचं काम करणारा कंडक्टर गाडीच्या मधोमध असतो.

ही मधली जागा ओळखायची खूण फलाटावरच आहे. वर बघा: काळ्या-पांढऱ्या तिरप्या पट्ट्यांची एक आडवी पाटी टांगलेली असते. गाडी थांबली की कंडक्टर खिडकीतून बाहेर येतो आणि बोट करून ती पाटी दाखवतो. गाडी फलाटावर बरोबर लागली आहे याची ती खात्री, त्याशिवाय दारं उघडायची नाहीत असा नियम आहे. गाडी निघतानाही तो खिडकीतून फलाट बघत असतो. त्या पाटीखाली उभं राहिलं की समोर येणारं दार कंडक्टरच्या जवळचं. आईबाबांना एकच गोष्ट सांगायची असेल तर ही सांगा. शिवाय सगळ्या, म्हणजे ४७२ स्टेशनांत २०२१ पासून कॅमेरे आहेत आणि २०२४ अखेरपर्यंत प्रत्येक डब्यातही बसले. कॅमेरा हल्ला थांबवत नाही, हे खरं. पण फलाटावर निळ्या दिव्याचा खांब असतो, त्यावरचं लाल बटण संकटासाठी, हिरवं चौकशीसाठी. हिरवं बटण दाबायला संकट यावं लागत नाही, कुठली गाडी घ्यायची हे विचारायलाही ते दाबता येतं.

‘खालच्या बोळांत थांबू नका, रस्त्यावर या’ हा सल्ला जुन्या पेन स्टेशनच्या आठवणीवर बेतलेला दिसतो. ती ठेंगणी छतं, ते कोंदट रस्ते मलाही आवडत नव्हते. पण १ जानेवारी २०२१ ला आठव्या ॲव्हेन्यूपलीकडच्या जुन्या पोस्टाच्या इमारतीत मॉयनिहान ट्रेन हॉल उघडला, आणि लाँग आयलंड रेलरोडचा ३३व्या स्ट्रीटखालचा मुख्य रस्ताही २०२३ पर्यंत जवळजवळ दुप्पट रुंद झाला. मॉयनिहानमधून सबवेच्या ए, सी, ई गाड्यांपर्यंत आठव्या ॲव्हेन्यूखालून आतल्या आत जाता येतं. १, २, ३ सातव्या ॲव्हेन्यूच्या टोकाला, त्याही स्टेशनच्या आतूनच. या सगळ्या वाटेवर दिवे, दुकानं, पोलीस असतात.

नीट बघायची गोष्ट अशी की पेन स्टेशनचे फलाट सातव्या आणि आठव्या, दोन्ही ॲव्हेन्यूंखाली पसरलेले आहेत, आणि चुकीच्या टोकाचा जिना घेतला की बॅगा ओढत स्टेशनभर फिरावं लागतं. वॉशिंग्टन-फिलाडेल्फियाची गाडी हडसनखालून, पश्चिमेकडून शिरते. म्हणून तिचे पुढचे डबे सातव्या ॲव्हेन्यूकडे आणि मागचे आठव्याकडे लागतात. बोस्टनची गाडी ईस्ट रिव्हरखालून येते, तिचं उलटं. १, २, ३ घ्यायची तर पूर्वेकडचा जिना, ए, सी, ई घ्यायची तर पश्चिमेकडचा. हे गाडी पेन स्टेशनात शिरण्याआधीच ठरवून ठेवावं.

दुसरी अडचण सबवेच्या फलाटांची, तीही संदेशात नाही. बहुतेक मोठ्या स्टेशनांत लोकल आणि एक्स्प्रेस एकाच फलाटाच्या दोन बाजूंना लागतात. पेन स्टेशनच्या दोन्ही सबवे स्टेशनांत मात्र एक्स्प्रेस मधल्या फलाटावर आणि लोकल कडेच्या फलाटांवर. खाली उतरल्यावर ‘समोरची घेऊ’ असं जमत नाही. त्यात रात्री उशिरा ए आणि २ लोकल होतात आणि कडेला येतात. नवखा माणूस इथे गोंधळतो, वर-खाली करतो, आणि गोंधळलेला माणूस लांबूनही ओळखू येतो. यावर सोपा उपाय आहे. वरच्या दिशेला (अपटाउन, उत्तरेकडे) जायचं तर कडेच्या फलाटावरून मिळेल ती लोकल घ्या, एका स्टेशनावर ४२व्या स्ट्रीटला उतरा, तिथे एक्स्प्रेस त्याच फलाटाच्या पलीकडे लागते. खालच्या दिशेला (डाउनटाउन, दक्षिणेकडे) हेच १४व्या स्ट्रीटला. जॅक्सन हाइट्स किंवा फॉरेस्ट हिल्सला जाणाऱ्यांना तर काही बदलायचं नाही, ई थेट जाते. जमैकापर्यंत जायचं असेल तर पेन स्टेशनमधूनच लाँग आयलंड रेलरोडची गाडी घ्या. वीसेक मिनिटांत पोचते आणि तिकीट तपासायला कंडक्टर डब्यातून फिरतो.

हेराल्ड स्क्वेअरला चालत जाऊन एन, क्यू किंवा बी, डी पकडा, अशी पुरवणी काहींनी संदेशाला जोडली आहे. तिथे जाणारा भुयारी रस्ता १९८० च्या दशकातच बंद झाला, आता रस्त्यावरूनच जावं लागतं. नऊच्या आत, हातात सामान नसेल तर हरकत नाही. एरवी टाइम्स स्क्वेअरला एन, क्यू आणि वेस्ट फोर्थला बी, डी आतल्या आत मिळतात.

राहिली ‘मिळेल ती टॅक्सी’. हे तीन शब्द कृपा करून खोडा. स्टेशनच्या आत किंवा दाराशी जो माणूस स्वतःहून जवळ येऊन ‘टॅक्सी?’ विचारतो, बॅगेला हात घालतो, त्याच्याकडे परवाना नसतो असंच धरून चाला. या भागात रस्त्यावरून प्रवासी घ्यायचा हक्क फक्त पिवळ्या टॅक्सीला. तिच्या छतावर नंबर असतो, आत मीटर. सामान उचलायला मदत हवी असेल तर ॲमट्रॅकचे गणवेशातले रेड कॅप हमाल आहेत, त्यांनाच द्या. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये सामना सुटला की सातवा आणि आठवा, दोन्ही ॲव्हेन्यू तुंबतात, ॲपवरच्या गाडीचे दर चढतात आणि ड्रायव्हर फोनवर ‘पलीकडच्या कोपऱ्यावर या’ म्हणतो. तेव्हा फुटपाथवर बॅगांसकट ताटकळणाऱ्यांपेक्षा खाली मुलाबाळांसह घरी निघालेल्या लोकांनी भरलेला फलाट केव्हाही बरा.

संदेश एका बाबतीत बरोबर आहे. गाडी रखडली आणि साडेदहाला येणारी साडेबाराला पोचली, सोबत वयस्क माणूस किंवा मोठं सामान असेल, तर टॅक्सीच करा. पण ती आत उभ्या असतानाच ठरवा. ॲपवर बोलावली असेल तर गाडी दाराशी आल्याचं दिसेपर्यंत हॉलमध्येच थांबा, आणि बसण्याआधी नंबर प्लेट जुळवा. सबवेनंच जायचं ठरलं तर अनेक फलाटांवर पिवळ्या पाटीनं रात्री थांबायची जागा दाखवलेली असते, तिथे थांबा. गाडी वीस मिनिटांवर दाखवत असेल तर मात्र ती पाच मिनिटांवर येईपर्यंत खाली उतरू नका.