'सेव्हन्थ सील' गावात चालत नाही म्हणणाऱ्यांसाठी

इंगमार बर्गमनचा 1957 चा स्वीडिश सिनेमा 'द सेव्हन्थ सील' गावात दाखवायचा म्हटलं की एक मजकूर हमखास फॉरवर्ड होऊन येतो. त्याचा मतलब असा: सिनेमा नास्तिक आहे, शिवाय ख्रिस्ती धर्माचा प्रचार करतो, बुद्धिबळाशिवाय त्यात काही घडत नाही, काळापांढरा असल्यामुळे उघड्यावर दिसत नाही, आणि खेड्यातल्या माणसाला तो पेलत नाही. पाचही गोष्टी चूक आहेत. शेवटची तर अपमान करणारी आहे, म्हणून सुरुवात तिच्यापासून.

सिनेमा 96 मिनिटांचा आहे. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत दिवाळीनंतर मंडई (गावची जत्रा) आणि शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्ताने नाटकं लागतात, तेव्हा हाच प्रेक्षक थंडीत पांघरूण घेऊन पहाटेपर्यंत मांडवात बसतो. त्याला दीड तास जड जाईल हे कुणी ठरवलं? आणि कथा काय आहे? दहा वर्षं धर्मयुद्धात (क्रुसेडमध्ये) घालवून एक सरदार घरी परततो. मुलखात प्लेगची साथ आहे. मृत्यू त्याला न्यायला येतो, तेव्हा तो मृत्यूला बुद्धिबळाचा डाव मांडायला लावतो आणि थोडी मुदत मिळवतो. वाटेत त्याला योफ आणि मिया हे नवरा-बायको भेटतात. दोघं गाडीतून गावोगाव फिरून खेळ करतात, सोबत तान्हं पोर आहे. त्यांचा खेळ रंगात आला असताना स्वतःला चाबकाने फोडून घेणाऱ्यांची मिरवणूक रडत-ओरडत येते आणि खेळ मोडतो. झाडीपट्टीतल्या वडशाच्या नाटक कंपनीत काम केलेल्या माणसाला हा प्रसंग समजावून सांगावा लागत नाही. योफच्याच कंपनीतला एक नट झाडावर लपतो. मृत्यू खाली येऊन करवतीने झाड कापायला घेतो. नट वरून विचारतो, नटांना काही सूट नाही का? झाड पडतं, आणि उरलेल्या खुंटावर एक खार येऊन बसते. इथे हसावं की गप्प बसावं हे प्रेक्षकाला कळतं, त्यासाठी कॉलेजात जावं लागत नाही.

साथीचंही तसंच. 1918 च्या मानमोडीचं, म्हणजे तापाच्या साथीचं नाव अजून घरोघर ऐकू येतं, शिवेवरची साथीची देवी मरीमायही जागेवरच आहे. युरोपातला प्लेग इथे परका ठरत नाही.

आता 'नास्तिक' आणि 'ख्रिस्ती प्रचार'. या दोन्ही तक्रारी एकाच मजकुरात आहेत, म्हणजे लिहिणाऱ्याने सिनेमा पाहिलेलाच नाही. बर्गमन ल्युथरन पंथाच्या ख्रिस्ती पाद्र्याचा मुलगा होता. लहानपणापासून ख्रिस्ती देवळांच्या भिंतींवरची चित्रं त्याने पाहिली होती. स्टॉकहोमजवळ टेबी इथल्या देवळात मृत्यू माणसाशी बुद्धिबळ खेळतोय असं चित्र आजही आहे. या सिनेमात देव नाही असं कुणी सिद्ध करत नाही, आहे असंही नाही. सरदार लोखंडी जाळीपलीकडच्या पाद्र्यापुढे मन मोकळं करतो: मला नुसता विश्वास नको, ज्ञान हवं, देवाने हात पुढे करावा, बोलावं. बोलण्याच्या भरात तो डावातली आपली चालही सांगून बसतो. पाद्री तोंड वळवतो, तर तो मृत्यूच. सरदार आधी चिडतो, मग स्वतःचा हात डोळ्यांपुढे धरतो, त्यात रक्त वाहतंय हे त्याला जाणवतं, आणि मी मृत्यूशी खेळतोय याचाच त्याला आनंद होतो. हे देवाशी भांडण आहे. ज्या भाषेत जनाबाई विठोबाला 'अरे विठ्या' म्हणून शिव्या घालते, त्या भाषेत देवाशी भांडणाऱ्याला नास्तिक म्हणत नाहीत. सरदाराचा सेवक योन्स मात्र खरंच काही मानत नाही. पण ज्या योफला मेरीमाता बाळाला चालायला शिकवताना दिसते, तोच बायको-पोरासह शेवटी वाचतो. दोन्ही बाजू जिवंत ठेवल्या आहेत, म्हणून तर सिनेमा संपल्यावर पारावर बोलणं लांबतं.

एक मान्य करू. हा इतिहासाचा सिनेमा नाही. स्वीडनमध्ये प्लेग 1350 च्या सुमारास आला, धर्मयुद्धं त्याआधीच संपली होती. आणि चेटकीण ठरवून मुलीला जाळण्याचा प्रसंग लहान मुलांसाठी नाही, हे आधी जाहीर करा.

बुद्धिबळाचे प्रसंग मोजके आहेत. ज्याला प्यादं-वजीर माहीत नाही त्याचंही काही अडत नाही.

'उघड्यावर दिसत नाही' ही तक्रार मात्र खोलात जाऊन पाहायला हवी, कारण खेळ खरोखर इथेच फसतात आणि दोष सिनेमाला लागतो. या सिनेमाची चौकट जुनी, जवळजवळ चौकोनी आहे: रुंदी उंचीच्या 1.37 पट. 12 बाय 9 फुटांचा पांढरा, न चमकणारा कपडा घ्या, चित्र बरोबर बसतं. रुंद पडद्यावर ताणून पडदाभर केलं की चेहरे बसके होतात. प्रोजेक्टर 3,000 ल्युमेनचा पुरतो, पण आकड्यासोबत 'अँसी' (ANSI, उजेड मोजायचं प्रमाणित माप) लिहिलेलं पाहा, नुसत्या जाहिरातीतल्या ल्युमेनवर जाऊ नका. 'व्हिव्हिड' मोडवर मृत्यूचा पांढरा चेहरा सपाट चुन्यासारखा दिसतो, म्हणून 'सिनेमा' मोड ठेवा. चित्र धुवट करणारा खरा शत्रू खांबावरचा एलईडी दिवा असतो. तो पडद्यावर पडला की काळा रंग राखाडी होतो. तेवढा एक दिवा बंद करून घ्या आणि पौर्णिमेच्या आसपासच्या रात्री टाळा. कपडा चारही बाजूंनी बांधा, नुसता वरून टांगला तर वाऱ्याने चित्र डुलतं. वीज: प्रोजेक्टर आणि साऊंड मिळून साधारण 450 वॅट, पावणेदोन तासांना 0.8 युनिट. 150 एएचची एक बॅटरी यात काठावर येते, दोन ठेवा.

आवाज मोनो, म्हणजे डावीकडे-उजवीकडे एकच आहे, आणि इथे एक हटकून होणारी चूक आहे. लॅपटॉपची स्टिरिओ पिन मिक्सरच्या बॅलन्स्ड सॉकेटात (ते एका तारेतला आवाज दुसरीतल्यातून वजा करतं) सरळ घातली की डावा आणि उजवा आवाज एकसारखा असल्यामुळे एकमेकांना खाऊन टाकतो. संवाद जवळजवळ गायब होतात आणि लोकांना वाटतं, रीळच जुनं आहे. पिन दोन फाट्यांची घ्या, एक फाटा एका चॅनेलला लावा.

मराठी सबटायटल लॅपटॉपवरूनच दाखवा. प्रोजेक्टरच्या आतल्या प्लेयरमध्ये जोडाक्षरं बऱ्याचदा तुटतात. फाईल 92 मिनिटांची निघाली तर ती सेकंदाला 25 फ्रेमची आहे. 24 फ्रेमच्या सिनेमासाठी केलेली सबटायटल तिच्यावर चढवली तर शेवटापर्यंत चार मिनिटं मागे पडतात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी माईकवर दोघांनी, एक बाई आणि एक पुरुष, मराठीत वाचावं. मूळ आवाज हळू, पण चालू ठेवावा. नाव बायबलमधल्या एका वाक्यावरून आलं आहे: सातवी मोहोर फोडली तेव्हा स्वर्गात सुमारे अर्धा तास शांतता होती. ते वाक्य सुरुवातीलाच सांगून टाका. आणि वाचणाऱ्याला बजावा की जिथे पडद्यावर कुणी बोलत नाही तिथे त्यानेही बोलायचं नाही. दूध आणि रानातली स्ट्रॉबेरी खातानाचा प्रसंग याच घाईने मरतो.

खेळाच्या आदल्या रात्री दोन जागा लावून पाहा: जाळीचा प्रसंग आणि शेवटचा, मृत्यूमागून जाणाऱ्यांचा टेकडीवरचा नाच. नाचाचा प्रसंग काढला तेव्हा बरेच नट निघून गेले होते, म्हणून तंत्रज्ञ आणि तिथे आलेल्या एक-दोन पर्यटकांना कपडे घालून उभं केलं होतं. पडद्यावर सगळे सावलीसारखे काळे आहेत. सगळ्यात मागच्या रांगेतून एकेक माणूस ढगांपुढे वेगळा ओळखू आला पाहिजे. आला नाही, तर कुठला तरी दिवा अजून चालू आहे.