उचलून आणा म्हणे!

आज आत्याला हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेलं होतं. दारात रॅम्प आहे, नाही असं नाही. पण त्यावर दोन स्कूटर लावलेल्या आणि वरच्या टोकाला तुळशीच्या कुंड्या. बाजूला आठ पायऱ्या, धरायला कठडा नाही. शिपाई गोड आवाजात म्हणाला, "दिव्यांग ताई आहेत ना, मग कुणीतरी उचलून आणा की!"

उचलून आणा? तीस वर्षं पोरांना गणित शिकवलेल्या बाईला?

आत्याला दुसऱ्या वर्षी पोलिओ झाला. गावातल्या बायका आजीला सांगायच्या, मागल्या जन्मीचे भोग. चौथीचा वर्ग माडीवर, म्हणून आजोबा, तिचे अण्णा, तिला रोज पाठुंगळी घेऊन जिना चढायचे. गावासाठी ती लंगडी, कागदोपत्री अपंग, मग विकलांग, २०१५ पासून दिव्यांग. शब्द बदलले याचा राग नाही, लंगडीपेक्षा काहीही बरं. पण पाय साठ वर्षं तोच आहे आणि आजही ती अडली ती पायऱ्यांपाशीच!

कायदे झाले, मान्य. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, २०१६ च्या कायद्यात एकवीस झाले. स्वमग्न मुलं आली, ॲसिड हल्ल्यातल्या मुली आल्या. फार मोठी गोष्ट आहे ही. पण त्याच कायद्यात लोकांच्या वापरातल्या जुन्या इमारती नियम लागू झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करा असंही लिहिलंय. ते नियम २०१७ चे. मोजा तुम्हीच. २०१४ ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला, तर पोलिओ झालेली माणसंही संपली असं वाटलं की काय सगळ्यांना?

शिपाई वाईट माणूस नव्हता, हेही लिहायला हवं. माझा आवाज चढल्यावर ओशाळला बिचारा.

तेवढ्यात कॉलेजातली दोन पोरं आली. न सांगता स्कूटर बाजूला ओढल्या, कुंड्या हलवल्या. त्यातला एक आत्याजवळ येऊन म्हणाला, "आजी, हात देऊ की तुम्ही चालाल?" आत्या म्हणाली, "चालते." पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरची खिटी गुडघ्याशी नीट बसवली आणि कुबडी टेकत, मध्ये एकदा थांबून, रॅम्प चढली. मला डोळ्यांतलं पाणी आवरेना.

परत येताना रिक्षात बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "अण्णांनी कधी विचारलं नाही गं. उचलायचेच."