पेशीपटल चाळणी नव्हे

‘पेशीपटल म्हणजे बारीक चाळणी. वाहक प्रथिनं ही तिची भोकं. रेणू लहान असेल तर तो जास्तीकडून कमीकडे आपोआप शिरतो. म्हणून पूड जितकी बारीक, तितकं पोषण थेट पेशीत.’ अशा अर्थाचा मजकूर सतत पुढे पाठवला जातो. वाचायला सोपा आहे, पण त्यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य चुकीचं आहे.

आधी आकार. सोडियम आयनाचं, म्हणजे विद्युतभारित अणूचं, वस्तुमान 23, कॉर्टिसॉल या संप्रेरकाचं 362. चाळणी असती तर सोडियम सुळकन आत गेला असता आणि कॉर्टिसॉल वर राहिलं असतं. घडतं उलटं. पटल मेदरेणूंच्या दोन थरांचं असतं आणि त्याचा गाभा तेलकट असतो. कॉर्टिसॉल मेदात विरघळतं, म्हणून पार होतं. विद्युतभारित सोडियमभोवती पाण्याच्या रेणूंचं कडं असतं. ते सोडून तेलात उतरणं त्याला जवळपास अशक्य.

पूड दळल्याने कण लहान होतो, रेणू नाही. ती लवकर विरघळेल, इतकंच.

आता ‘भोकं’. लाल रक्तपेशींवरचं ग्लूट-1 हे प्रथिन ग्लुकोज आत नेतं. ग्लुकोजची दोन रूपं असतात, एकमेकांची आरशातली प्रतिबिंबं: तेच अणू, तेवढंच वस्तुमान, तोच आकार. भोकातून दोन्ही सारखीच गेली असती. ग्लूट-1 मात्र डी-ग्लुकोज उचलतं आणि एल-ग्लुकोजला जवळपास दाद देत नाही, उजव्या हातमोज्यात डावा हात बसू नये तसं. मला तर हा एकच पुरावा पुरेसा वाटतो. वाहक प्रथिनात रेणू नेमका बसेल अशी जागा असते. ती आधी बाहेरच्या बाजूला उघडी असते. रेणू बसला की प्रथिन आपली घडण बदलतं, बाहेरची बाजू मिटते, मग आतली उघडते. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या नसतात. ही कल्पना ओलेग यार्डेत्स्की यांनी 1966 मध्ये मांडली. प्रत्येक फेरीला वेळ लागतो, म्हणून ग्लुकोज कितीही वाढवलं तरी एका मर्यादेनंतर वेग वाढत नाही. आयनांच्या वाहिन्या खरोखर भोकांसारख्या असतात, पण त्या वेगळ्या. त्यांतून सेकंदाला लाखो आयन जाऊ शकतात.

आत शिरलेला रेणू आत टिकतोच असंही नाही. पी-ग्लायकोप्रोटीन हे प्रथिन एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, खर्चून अनेक औषधं पेशीबाहेर फेकतं. काही कर्करोगांवर औषधं चालेनाशी होण्याचं ते एक कारण आहे.

राहिलं ‘जास्तीकडून कमीकडे, आपोआप’. येन्स स्को यांनी 1957 मध्ये उजेडात आणलेला सोडियम-पोटॅशियम पंप एका एटीपीच्या बदल्यात 3 सोडियम बाहेर काढतो आणि 2 पोटॅशियम आत घेतो, दोन्ही उताराच्या उलट दिशेने, म्हणजे कमीकडून जास्तीकडे. त्यामुळे पेशीत सोडियम कमी राहतो आणि बाहेरचा आत यायला ओढ घेतो. आतड्यातलं एसजीएलटी-1 हे वाहक प्रथिन हीच ओढ वापरतं: 2 सोडियमसोबत 1 ग्लुकोज, आत ग्लुकोज जास्त असलं तरीही. अशा जोडवाहतुकीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे मांडली. कॉलऱ्यातही हे प्रथिन काम करत राहतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 च्या जलसंजीवनीत लिटरमागे सोडियम 75 मिलिमोल आणि ग्लुकोजही 75 मिलिमोल असतं. त्यातली साखर चवीसाठी नसते. तिच्यासोबत सोडियम आत जातो आणि त्यामागून पाणी.