लाइन हाये, तं सर्व्हर नाही

काऊन बे, आमच्याच नशिबी हे? कापूस वेचणीच्या धावपळीत आठवडाभर गेमच्या कन्सोलले हात लागला नाही. शनिवारी रातच्याले लाइन टिकली, मोबाइलले दोन काड्या रेंज. म्हटलं, पुण्याच्या मावसभावासंग एक मॅच होऊन जाऊ दे. तीन राती जागून अपडेट उतरवलं होतं! अन् स्क्रीनवर काय? ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही.’ हॉटस्पॉट बंद-चालू केला, मोबाइल घेऊन स्लॅबवर चढलो. मंग समजलं, गेमवाल्या कंपनीचा सर्व्हरच तिकडून बंद हाये.

हे काही नवं नाही म्हणा. 2011 मध्ये प्लेस्टेशन नेटवर्क, म्हंजे सोनीची ऑनलाइन गेमची सेवा, हॅक झालं तं 23 दिवस बंद, 7 कोटी 70 लाख खात्यांची माहिती धोक्यात. 2014 च्या नाताळात तं एका टोळीनं खोट्या ट्रॅफिकचा मारा करून प्लेस्टेशन अन् एक्सबॉक्स दोन्ही आडवे पाडले. ऐन सणाच्या दिवशी! काय भेटते बे यायले?

वर्गणी मात्र तारखेले बरोबर कापते.

बाबा खाटेवरून इचारतेत, “काऊन रे, लाइनीची डीपी जयली का?”

आता यायले कसं सांगू, आपली नाही, समुद्रापारची जयली!