मूल हवं का नको, हे तिला विचारा

आज विश्रामबागला एका डोहाळजेवणाला गेले होते. ओटी भरून झाली, ताटं वाढली आणि कुणाच्या तरी कामवाल्या बाईचा विषय निघाला, तिला एचआयव्ही आहे आणि आता दिवस गेलेत म्हणून. तर एक शिकलीसवरलेली बाई, शाळेत शिकवते, सरळ म्हणाली, "असल्यांचं सरकारनं आधी ऑपरेशनच करून टाकायला पाहिजे." आणि बाकीच्या माना हलवतायत! घास उतरेना मला.

माझी एक मैत्रीण आहे, विट्याकडची. तिला विचारूनच लिहितेय. नवरा गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यात, बहुतेक वर्ष परमुलखात. दिवस गेल्यावर रक्त तपासलं तेव्हा तिला कळलं, एचआयव्ही आहे. खाजगी डॉक्टर पहिलं वाक्य काय बोलला तर, "पाडून टाका." दार सताड उघडं, बाहेर बाकड्यावर सासू आणि गावातल्या चार बायका. गोळ्या असतात, उपचार फुकट मिळतो, एक शब्द नाही.

तिनं नाही पाडलं. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी उपचार केंद्रात गेली, गोळ्या सुरू केल्या, मेथ्यांच्या डब्यात लपवून ठेवायची पण एक दिवस चुकवली नाही. पोरगी झाली, तिला लागण होऊ नये म्हणून सहा आठवडे नेव्हिरॅपिनचं औषध पाजलं. अठरा महिन्यांची टेस्ट निगेटिव्ह आली, तो रिपोर्ट तिनं लॅमिनेट करून लग्नाच्या शालूच्या घडीत ठेवलाय. पोरगी आता दुसरीत आहे आणि मला फोनवर पाढे म्हणून दाखवते.

उपचारच नसेल तर आईकडनं बाळाला लागण व्हायची शक्यता 15 ते 45 टक्के, गोळ्या नीट घेतल्या तर 5 च्याही खाली. शून्य नाही, मान्य. पण म्हणून ठरवायचं कुणी, डोहाळजेवणातल्या बायकांनी? 2017 चा कायदा आहे, एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईचा गर्भपात किंवा नसबंदी तिला नीट समजावून, तिची संमती घेतल्याशिवाय करता येत नाही. तरी हिला बाळंतपणातच म्हणाले, "ऑपरेशन पण उरकून टाकू." उरकून! जणू तिचं काही म्हणणंच नसतं.

आणि आता बघा. तिला दुसरं मूल नकोय. तिचं तिनं ठरवलंय, एकीला नीट शिकवायचंय. तर ज्या सासूला पहिल्या वेळी पाडायचं होतं तिलाच आता नातू पाहिजे. सेंटरला विचारलं तर "निरोध वापरा." निरोध लागतोच, बाकीचे आजार असतात, ते बरोबर आहे. पण तो वापरायचं कुणाच्या हातात आहे ओ? दिवाळीला घरी येणारा नवरा नाही म्हणाला की संपलं. गोळ्या चालू असून तब्येत चांगली असली तर तांबी बसवता येते, दिवस राहू नयेत म्हणून 'अंतरा' नावाचं इंजेक्शन असतं, हे तिला कुणी सांगितलंच नाही. मी सांगितलं. सांगताना रडायलाच आलं मला, इतकी साधी गोष्ट आणि इतकी वर्षं ही बाई प्रत्येक महिन्याला पाळीची वाट बघत जीव मुठीत धरून बसायची.

सोमवारी मी तिच्याबरोबर मिरजेला जातेय, तांबी बसवायला. नवऱ्याची सही आणा म्हणाले तर तिथंच सांगणार, त्याची लागत नाही, हिची लागते, आणि ही इथं उभी आहे.