कोयत्याची नोंद कुठंय?

आमच्याकडं सध्या ऊसतोड चालूय, डोक्यात हेच फिरतंय म्हणून लिहितोय. पोस्ट लांबणार आहे, आधीच सांगतो.

साखर कारखान्याच्या वजनकाट्यावरची पावती कधी नीट बघितलीय का? शेतकऱ्याचा कोड, उसाची जात, लागण का खोडवा, गाडी नंबर, भरलेलं वजन, रिकामं वजन, वेळ पण मिनिटासकट. आणि पहाटे उठून ज्यांनी तो ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरनं गाडीत भरल्या, त्यांचं नाव? नाही. नवराबायको मिळून एक कोयता, उचल (हंगामाआधी मिळणारे आगाऊ पैसे) नवऱ्याच्या हातात, बाईच्या कामाचा वेगळा हिशेबच नाही.

मार्च 2024 मध्ये न्यूयॉर्क टाइम्स आणि फुलर प्रोजेक्ट या पत्रकारांच्या संस्थेनं आपल्या ऊसतोडीवर मोठा रिपोर्ट केला, कोकाकोला आणि पेप्सीच्या पेयांसाठी साखर कुठनं येते त्याचा माग काढत. त्यात होतं की कोकाकोलाच्याच सल्लागारांनी 2019 ला इथं येऊन लहान पोरं ऊस तोडताना बघितली होती आणि तसं कळवलंही होतं. काही वर्षांनी पत्रकार आले तरी फडातलं, म्हणजे तोड चाललेल्या रानातलं, चित्र तेच. त्याच 2019 ला सरकारी समितीनं बीडमधल्या 82,309 ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. का, तर फडात संडास नाही, राहायच्या कोपीत (झोपडीत) पाणी नाही, पाळीत दुखलं म्हणून बसलं तर खाडा (गैरहजेरीचा दंड) लागतो, खाड्याचे पैसे उचलीत चढतात, आणि वरनं डॉक्टर कॅन्सरची भीती घालतो.

आता जबाबदार कोण विचारा, टोलवाटोलवी सुरू. कारखाना म्हणतो, माणसं मुकादमाची, म्हणजे टोळी जमवून आणणाऱ्याची. मुकादम म्हणतो, टोळी पैसे घेऊन पळाली, मीच बुडालो (हे पण बऱ्याचदा खरं असतं). आणि साखर घेणारी कंपनी वेबसाइटवर मानवी हक्कांची पॉलिसी टाकून नामानिराळी. अरे पण उचलीचा पैसा येतो कुठनं? बहुतेक ठिकाणी कारखानाच ॲडव्हान्स देतो, तो ठेकेदार-मुकादमाच्या हातनं खाली जातो. पैसा खाली जायची वाट सगळ्यांना पाठ आहे, जबाबदारी वर यायची वेळ आली की मात्र वाट कुणालाच सापडत नाही!

लोक म्हणतात एवढी मोठी कंपनी, फडाफडात काय होतं ते कसं बघणार. साखरेचा रंग बघतातच ना? इकुम्सा नंबर (साखरेच्या रंगाचं माप) बसला नाही तर लॉट परत. म्हणजे बघायचं ठरवलं की बरोबर दिसतं.

आणि उपाय म्हणून "महाराष्ट्राची साखरच घेणार नाही" असलं काही नको, त्यानं आधी मरणार तो कोयताच. बांगलादेशात 2013 ला राणा प्लाझा पडून अकराशेच्या वर माणसं गेली, तेव्हा बऱ्याच कपड्याच्या ब्रँडनी युनियनबरोबर कायद्यानं बांधलेला करार केला, स्वतंत्र इंजिनिअर फॅक्टऱ्या तपासायला लागले, रिपोर्ट जाहीर व्हायला लागले. सगळं सुधारलं असं नाही, पण सही केल्यावर हात झटकता येईनात. साखरेत असा करार का नको? करारावाचून काय होतं बघा, 2024 च्या जानेवारीत तोडणीचा दर टनाला 366 रुपये झाला, तोसुद्धा संपाचा इशारा दिल्यावर. आपण शेतकरी पण धुतल्या तांदळाचे नाही, टोळीवाले खुशाली (तोडीसाठी वरचे पैसे) मागतात म्हणून पारावर बोंब मारतो, पण टोळी आपल्या रानात उतरली की प्यायला पाणी कुठनं घेणार हे किती जण विचारतो?

माझं म्हणणं एवढंच, नवरा आणि बायको दोघांची नावं कारखान्याच्या रजिस्टरला, बाईची मजुरी बाईच्या खात्यात, खाडा बंद, आणि याचा खर्च साखर घेणाऱ्या कंपनीनं दरात धरायचा. आणि ऑडिटला येणार असाल तर कारखान्याच्या गेस्ट हाऊसवर चहा पिऊन परत जाऊ नका, बॅटरी घ्या आणि पहाटे फडात या.