शिकाऊ परिचारिकेचा वेळ कोणाचा?

नर्सिंग शिक्षणाचा इतिहास बहुतेक वेळा थोर स्त्रियांच्या चरित्रांमधून सांगितला जातो. ही चरित्रे मला प्रिय आहेत, तरीही हा इतिहास वाचताना एकच प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतो : शिकायला आलेल्या परिचारिकेच्या वेळेवर पहिला हक्क कोणाचा, शिक्षणाचा की वॉर्डातल्या कामाचा?

१८६० मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची प्रशिक्षण शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्या पाठीशी क्रिमियन युद्धाच्या काळात लोकवर्गणीतून उभा राहिलेला सुमारे ४५,००० पौंडांचा निधी होता. या निधीमुळे शाळेला रुग्णालयापुढे हात पसरावे लागले नाहीत. पुढे या शाळेचा कित्ता जगभर गिरवला गेला, पण स्वतंत्र निधीची गोष्ट बहुतेकांनी सोयीस्करपणे वगळली, आणि माझ्या मते पुढच्या शंभर वर्षांच्या दुखण्याचे मूळ तिथेच आहे.

अमेरिकेतील पहिल्या प्रशिक्षित परिचारिका मानल्या जाणाऱ्या लिंडा रिचर्ड्स १८७३ मध्ये बोस्टनमधून उत्तीर्ण झाल्या. त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की पहाटे साडेपाचला उठून रात्री नऊपर्यंत वॉर्डात राहावे लागे, पाठ्यपुस्तके नव्हती आणि प्रवेशपरीक्षाही नव्हती. मला सर्वांत अस्वस्थ करते ती औषधांच्या बाटल्यांची हकिकत. बाटल्यांवर नावांऐवजी क्रमांक असत, कारण आपण रुग्णाला काय देत आहोत हे परिचारिकांना कळू नये याची काळजी घेतली जात असे. रात्रभर रुग्णाच्या उशाशी तीच बसणार, औषध तीच पाजणार, त्याचा परिणामही आधी तिलाच दिसणार, आणि औषधाचे नाव तेवढे तिच्यापासून लपवायचे!

त्यानंतर शाळा झपाट्याने वाढल्या, कारण शाळा काढली की जवळजवळ फुकट मनुष्यबळ मिळते हे रुग्णालयांच्या लक्षात आले. वॉर्ड विद्यार्थिनी चालवीत. शिक्षण पूर्ण झाले की रुग्णालयात जागा नसे, मग अनेकींना खासगी रुग्णांच्या घरी काम शोधावे लागे. व्याख्याने दिवसभराच्या कामानंतर, डोळे मिटत असताना होत.

नोंदणीचा, म्हणजे परीक्षेने पात्रता तपासून परिचारिकेचे नाव अधिकृत यादीत घेण्याचा लढा याच काळातला. न्यूझीलंडने १९०१ मध्ये परिचारिकांच्या नोंदणीचा स्वतंत्र कायदा केला. ब्रिटनमध्ये या लढ्याच्या अग्रणी परिचारिका एथेल बेडफर्ड फेनविक यांना त्यासाठी १९१९ पर्यंत झगडावे लागले. परिचारिकेचे चारित्र्य परीक्षेने मोजता येत नाही, असे मानणाऱ्या नाइटिंगेल यांचा नोंदणीला विरोध होता. मला त्यांच्याविषयी नितांत आदर आहे, पण या मुद्द्यावर फेनविक यांचीच बाजू रास्त होती.

अमेरिकेत नर्सिंग शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२३ च्या गोल्डमार्क अहवालाने रुग्णालयाच्या गरजांखाली शिक्षण दबते हे स्पष्टपणे मांडले आणि त्याच वर्षी येल विद्यापीठात स्वतंत्र नर्सिंग विद्यालय उभे राहिले. ब्रिटनमध्ये मात्र विद्यार्थ्यांना वॉर्डाच्या मनुष्यबळात धरू नये ही भूमिका ठामपणे पुढे यायला १९८६ ची ‘प्रोजेक्ट २०००’ योजना यावी लागली.

‘सेवा करायला पदवी कशाला?’ हा प्रश्न आजही ऐकू येतो. पहाटेचे तीन वाजले आहेत, शस्त्रक्रिया झालेल्या एका रुग्णाचा रक्तदाब ठीक आहे, पण श्वासाची गती मिनिटाला १८ वरून २६ वर गेली आहे, अशी वेळ डोळ्यांसमोर आणा. रक्तदाब उतरण्याच्या आधी श्वास वाढू शकतो हे जिला ठाऊक आहे ती डॉक्टरांना तेव्हाच उठवते. जिला ठाऊक नाही ती आकडा नोंदवून पुढच्या खाटेकडे जाते. नऊ युरोपीय देशांतील रुग्णालयांचा एक मोठा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी जास्त असेल, तर शस्त्रक्रियेचा रुग्ण दाखल झाल्यापासून ३० दिवसांत दगावण्याची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी, असा संबंध त्यात आढळला. या एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, पण तो दुर्लक्षिण्यासारखाही नाही.

नोकरीत आल्यानंतरच्या शिक्षणाबाबत तर आपण अजूनही जुन्याच वळणावर आहोत. नोंदणीच्या नूतनीकरणासाठी अभ्यासाचे तास मागायचे, आणि ते रात्रपाळी संपवून आलेल्या परिचारिकेने स्वतःच्या झोपेतून काढायचे, ही पद्धत मला अन्यायाची वाटते. ड्यूटीचा तक्ता लावतानाच त्यात प्रत्येकीचे अभ्यासाचे तास पगारी वेळ म्हणून लिहिले जावेत, आणि त्या वेळेत तिचे रुग्ण कोण पाहणार त्याचे नावही तिथेच असावे.